पुस्तकातलं न्हाई

सत्तावीस ट्यूटोरियल तपासून झाली होती आणि अठ्ठाविसाव्याच्या तिसऱ्या पानावर प्राध्यापक देवचक्क्यांची लाल पेन्सिल मध्येच थांबली. फेब्रुवारीतली दुपार होती, पण ऊन वैशाखातलं. स्टाफरूममधली वीज गेली होती आणि खिडकीखालच्या नळाशी मुलांनी लावलेल्या रिकाम्या बाटल्यांची रांग तेवढी चमकत होती. विषय त्यांनीच दिलेला होता, 'दुष्काळ आणि आपले लेखन'. पेन्सिल थांबली त्या ओळीत चूक काहीच नव्हती. उलट सबंध वर्गात इतकी स्वच्छ ओळ दुसऱ्या कुणाची नव्हती. 'कोरडी विहीर पूर्वीइतकीच खोल असते. तिच्यात डोकावणारा मात्र एका उन्हाळ्यात थकून जातो.' देवचक्क्यांनी ती पुन्हा वाचली. मग डोळे मिटून मनात म्हटली. शब्द सगळे वेगळे होते, आणि तरी कपडे बदलून आलेलं माणूस पाठमोरं असतानाही चालीवरून ओळखावं तशी त्यांना ती ओळ ओळखू आली. भीती होती, पण भीतीच्याही आधी एक हपापलेला आनंद होता, आणि त्या आनंदाचीच त्यांना मागाहून शरम वाटली. म्हणजे ते पुस्तक आहे तर! कुठंतरी आहे. आपल्याला सहा वर्षांत सापडलं नाही ते या मुलीला सापडलं. मच्छिंद्रनंही तिथूनच उचललं असणार, आणि आपण म्हणालो ते बरोबर होतं.

सहा वर्षांपूर्वी, सदुसष्टच्या जानेवारीत, अशीच एक ओळ त्यांनी वाचली होती. मच्छिंद्र भिमाजी खेतमाळीस, पहिलं वर्ष, राहणार काष्टी. शाळेतल्यासारख्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेला चार पानी निबंध. त्यात शुद्धलेखनाच्या ढिगानं चुका, 'आणि'चा ण कुठं न तर कुठं ण. आणि त्या सगळ्याच्या मधोमध ती ओळ: 'विहीर आटली म्हणजे ती खोल होत नाही. वाकून बघणारं माणूस म्हातारं होतं.' देवचक्के तेव्हा छत्तीस वर्षांचे होते, नुकतेच कायम झालेले. पहिल्याच वाचनात त्यांना खात्री पटली की हे आपण कुठंतरी वाचलेलं आहे. नुसती खात्री नव्हे, त्यांना ते पानसुद्धा दिसलं. उजव्या हाताचं पान, वरून सहावी-सातवी ओळ, 'म्हातारं'मधला म जरा झिजलेल्या टायपातला. अशा वेळी माणसाला शंका येत नाही. त्यांनी मच्छिंद्रला वर्गातच उभं केलं. उंच, हाडकुळा मुलगा, सदऱ्याची बाही मनगटापासून वीतभर वर गेलेली. बाकाच्या कडेवरून अंगठा फिरवत तो उभा राहिला. "हे तुझं आहे?" देवचक्क्यांनी विचारलं. मुलानं निबंधाकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "न्हाई सर. माझं न्हाई." वर्गात खसखस पिकली. "मग कुठल्या पुस्तकातलं आहे?" "पुस्तकातलं न्हाई, सर." यावर वर्ग मोकळेपणी हसला, आणि देवचक्केही हसले. हसताहसताच त्यांनी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "काष्टीच्या बैलबाजारातून आलेल्या मुलाला असं वाक्य सुचेल, असं वाटतं का कुणाला?" मग निबंधावर लाल पेन्सिलीनं 'नक्कल' असं लिहून खाली शून्य काढलं, आणि पुरावा म्हणून तो स्वतःकडे ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी तो बाक रिकामा होता. आठवडाभरानं वसतिगृहाच्या रेक्टरनी सांगितलं की खेतमाळीस वळकटी बांधून गावी गेला.

पुस्तक सापडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. रेक्टरनी सहज म्हणून विचारलं होतं, "कुठून उतरवलं होतं हो त्यानं?" आणि देवचक्के म्हणाले होते, "दाखवतो तुम्हाला. घरी आहे." घरी नव्हतं. मग ते वाचनालयात असेल असं वाटलं, तिथंही नव्हतं. सुरुवातीला त्यांनी ताठ्यानं शोधलं, मग चिडून, मग गुपचूप. जुन्या मासिकांचे बांधीव अंक काढून ते टेबलाशी बसत आणि फक्त उजव्या हाताची पानं चाळत. ग्रंथपाल विचारी, "सर, संशोधन चाललंय का?" ते मान डोलावत. पानं उलटताना कधीकधी वाटे की ती ओळ पुढच्याच पानावर आहे, आपण येतोय हे कळून ती सरकते आहे. पुण्याला पेपर तपासायला गेले की जुन्या पुस्तकांच्या दुकानात तासन्‌तास उभे राहत. बायकोला माहेरी सोडायला जात तेव्हा सासऱ्यांच्या कपाटातली पुस्तकंही हळूच उघडून पाहत. वर्गात मात्र ते नक्कलेच्या बाबतीत कडक झाले होते. दरवर्षी जूनमध्ये पहिल्याच तासाला ते फळ्यावर लिहीत, 'दुसऱ्याचा विचार घ्यावा. तो स्वतःच्या शब्दांत मांडावा. कुणाचा आहे ते खाली सांगावं.' मुलं हे वहीत उतरवून घेत. हे तिसरं वाक्य आपण सदुसष्टच्या आधी कधी शिकवलं होतं का, हा प्रश्न त्यांना एकदोनदा पडला होता, आणि त्यांनी तो तास संपल्याच्या घंटेबरोबर झटकून टाकला होता. वर्गाकडे जाणाऱ्या लाकडी जिन्यावर मागून चपला वाजल्या की ते वळून बघत. एखादा उंच मुलगा असे, सलाम करून पुढं जाई. पण त्याची बाही मनगटाच्या किती वर आहे, हे बघितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

शिपायानं हमिदाला बोलावून आणलं. हमिदा शेख दुसऱ्या वर्षाला होती. कापडबाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या अजीजभाईंची मुलगी, वर्गात दुसऱ्या बाकावर बसणारी, कमी बोलणारी, आणि शाईचा एक डाग न पाडता लिहिणारी. दारातच थांबून तिनं ओढणी सारखी केली. देवचक्क्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि घाईनं विचारलं, "हे कुठून घेतलंस? रागावत नाही मी. फक्त पुस्तकाचं नाव सांग." हमिदा गोंधळली. "सर, मागे दिलंय ना. तुम्ही सांगितलं होतं तसं शेवटच्या पानावर. आकडा घातलाय बघा त्या ओळीवर, चार." खरंच चार होता, मुंगीएवढा. तिनंच पुढं होऊन शेवटचं पान उलटलं. तिथं चौथ्या क्रमांकापुढं, रेघ आखून, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'प्रा. रा. ग. देवचक्के, "ओल आणि आठवण", महाविद्यालयाचे वार्षिक, १९७१, पृष्ठ १५.'

ते पुन्हा पुन्हा तीच नोंद वाचताहेत हे पाहून हमिदाला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. ती भराभर सांगू लागली, "सर, मी तीनदा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तुमचेच शब्द येत होते, नुसता एखादा इकडचा तिकडे. मग तुम्ही म्हणाला होतात तसं वार्षिक मिटून ठेवलं आणि अब्बांना तोंडी सांगितलं, आणि जसं सांगितलं तसं लिहिलं. नंतर परत उघडून ताडून पाहिलं. अर्थ बदलला नाही ना, सर?" "नाही," देवचक्के म्हणाले. "चांगलं केलंस." मग तिला अजून जावंसं वाटत नाही असं दिसलं, म्हणून म्हणाले, "अब्बा काय म्हणाले?" हमिदा हसली. "ते म्हणाले, हे वाक्य प्रोफेसरसाहेबांचं वाटत नाही, विहिरीवर राहिलेल्या माणसाचं वाटतं. मी म्हटलं, सरांचं गाव असेल विहिरीचं." देवचक्क्यांचं गाव बेलापूर. तिथं पाटाचं पाणी. घराच्या मागून बारमाही पाट वाहायचा, त्यात ते पोहायला शिकले, त्यात त्यांच्या चपला वाहून गेल्या. विहिरीत वाकून बघायची वेळ त्यांच्यावर उभ्या आयुष्यात आली नव्हती.

वार्षिकाचा अंक स्टाफरूमच्या कपाटातच होता. उजव्या हाताचं पान. वरून सहावी ओळ. 'जलाशय शुष्क झाल्याने त्याची खोली वाढत नाही. वाढते ते पाहणाऱ्याचे वय.' पंधरा नंबरचं पान ते उभ्याउभ्याच बघत राहिले. हा लेख लिहिल्याचं त्यांना आठवत होतं. दिवाळीच्या सुट्टीत, एका बैठकीत, पेन अडलं नव्हतं. ही ओळ आली तेव्हा त्यांना सुख झालं होतं, आपल्या हातून काहीतरी उतरलं असं वाटलं होतं. प्राचार्यांनी ती संमेलनाच्या भाषणात म्हणून दाखवली होती, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि ते पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते, विनयानं. मच्छिंद्रचा निबंध तेव्हाही घरी ट्रंकेत होता, चार वर्षं. पुस्तकाशी ताडून बघायला म्हणून तो त्यांनी इतक्या वेळा काढला होता, वाचला होता, ठेवला होता, की तो त्यांच्यात केव्हा मुरला हे त्यांना कळलंच नाही. विहिरीचा जलाशय झाला, आटण्याचं शुष्क झालं, माणूस म्हातारं होण्याचं वय वाढणं झालं. सगळे कपडे नवे. वर्गात ते ज्याला स्वतःच्या शब्दांत मांडणं म्हणत होते ते त्यांनी अगदी बिनचूक केलं होतं, फक्त खालची ओळ सोडून. आणि ती खालची ओळ या मुलीनं इमानानं भरली होती. जे नाव तिला दिसलं ते तिनं लिहिलं. उद्या तिच्यावरून कुणी घेईल, तोही हेच नाव लिहील.

घरी येऊन त्यांनी ट्रंक उघडली तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. टँकरचं पाणी भरून तिचे हात लाल झाले होते. "अजून किती वर्षं शोधणार आहात ते पुस्तक?" ती म्हणाली. तिला सगळं ठाऊक नव्हतं, पण माहेरच्या कपाटाचं तिनं पाहिलं होतं. "सापडलं," देवचक्के म्हणाले. "बरं झालं बाई. कुणाचं निघालं?" "माझं." तिला वाटलं ते थट्टा करताहेत. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदराला हात पुसत तिथंच बसली. त्यांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी मच्छिंद्रचा निबंध, उघडलेलं वार्षिक आणि हमिदाचं ट्यूटोरियल पलंगावर शेजारी शेजारी मांडले होते, आणि मधल्या छापील पानाकडे त्यांना बघवत नव्हतं. मच्छिंद्रच्या ओळीत एक माणूस विहिरीवर वाकलेलं होतं. हमिदाच्या ओळीतही कुणीतरी थकत होतं. त्यांच्या स्वतःच्या ओळीत मात्र कुणीच नव्हतं. नुसतं वय होतं, वाढणारं. "त्या मुलाचं काय झालं पुढं?" बायकोनं विचारलं, आणि सहा वर्षांत हा प्रश्न आपण एकदाही कुणाला विचारला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. पुस्तकाचा पत्ता शोधत राहिलो. मुलाचा पत्ता तर निबंधाच्या पहिल्याच ओळीत होता.

शनिवारी त्यांनी रजा टाकली आणि माळीवाड्याच्या स्टँडवरून काष्टीवरून जाणारी दौंडची एस.टी. धरली. रस्त्याच्या दोन्ही कडांनी दुष्काळी कामं चालली होती. डोक्याला फडकी बांधलेल्या बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या आणि गाडी गेली की सगळ्या एकदम धुळीत नाहीशा होत. पलीकडे रानं इतकी उघडी पडली होती की बांधसुद्धा रानातून वेगळे काढता येत नव्हते. देवचक्के खिडकीशी बसून वाक्यं जुळवत होते. 'मच्छिंद्र, माझ्या हातून एक अन्याय झाला.' हे भाषणासारखं वाटलं. 'मी तुझी क्षमा मागायला आलो आहे.' हेही कुठंतरी वाचल्यासारखं. 'ते तुझंच होतं.' एवढंच राहू द्यावं. पण तेवढ्यात मनात आलं, तो तर नाही म्हणाला होता. स्पष्ट, दोनदा. घाबरून म्हणाला असेल? घाबरलेला मुलगा असा सावकाश बोलत नाही. काष्टीपर्यंत ते त्या 'न्हाई'पाशीच अडकून राहिले.

बाजार भरला होता. विकायला आणलेल्या बैलांच्या फऱ्यांची हाडं दिसत होती आणि गिऱ्हाईक नसल्यानं माणसं बैलांच्याच सावलीला बसली होती. मच्छिंद्रचं नाव काढताच एकानं सांगितलं, "पत्रवाला मच्छिंद्र? पोस्टाम्होरं, लिंबाखाली." पोस्टासमोर लिंबाच्या झाडाखाली पत्र्याची पेटी पुढं घेऊन एक माणूस बसला होता आणि एक म्हातारी त्याला पत्र सांगत होती. देवचक्के खोडाच्या अलीकडेच थांबले. तो चोवीस-पंचवीसचा असायला हवा होता, पण चाळिशीचा दिसत होता. "लिव," म्हातारी म्हणाली, "शेळी व्याली. दोन पिल्लं. एक काळं हाय." "काळं हाय," मच्छिंद्र लिहिता लिहिता पुटपुटला. "फुडं?" "फुडं काय, तूच लिव की चांगलं कायतरी. तू कालेजात व्हतास. पोरीला बरं वाटंल असं लिव." मच्छिंद्रनं पेन उचलून धरलं. "न्हाई बायडाआत्या. माझं काय नगं त्यात. तुमच्या तोंडचं सांगा." "आरं, दोन सबूद तर—" "एक बी न्हाई." ते त्यानं कडवटपणे म्हटलं. मग तिनं विचार करकरून सांगितलं, की कोपरगावला कारखान्यावर ऊस तोडायला गेलेल्या माझ्या लेकीनं उन्हाचं डोक्याला फडकं बांधावं, आणि काळ्या पिल्लाचं नाव तिनंच ठेवावं, तवर आमी त्याला नुसतंच 'ये' म्हणतो. मच्छिंद्रनं ते जसंच्या तसं लिहिलं. शेवटी खाली दोन ओळी घातल्या आणि वाचून दाखवल्या: "सांगणार बायडाबाई. लिहिणार मच्छिंद्र खेतमाळीस."

म्हातारी गेली आणि देवचक्के पुढं झाले. मच्छिंद्रनं वर बघितलं, पेनला टोपण लावलं आणि उठून उभा राहिला. अगदी तसाच, हात पेटीच्या कडेवर. "सर, तुमी?" मग लगबगीनं त्यानं पेटीवरचे कागद उचलले, फडक्यानं पेटी पुसली. "बसा सर. इकडं कुठं?" जुळवलेलं एकही वाक्य देवचक्क्यांना आठवलं नाही. त्यांनी पिशवीतून वार्षिक काढलं, पंधरावं पान उघडलं आणि ओळीखाली बोट ठेवून त्याच्यापुढं धरलं. मच्छिंद्रनं ती ओठ हलवत वाचली. पुन्हा वाचली. "तुझी ओळ," देवचक्के म्हणाले. "मी माझ्या नावावर छापली. मला समजलंसुद्धा नाही, पण छापली." मच्छिंद्र अजून पानाकडेच बघत होता. "लई चांगलं केलंय सर," तो म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर देवचक्क्यांना सोसला असता. "जलाशय. हे मला न्हाई सुचलं. पन सर, माझं न्हाई म्हनलो हुतो ना मी तवाच."

"मग कुणाचं, मच्छिंद्र?"

"आईचं." त्यानं अंक मिटला आणि दोन्ही हातांनी परत दिला. "त्या साली आमची हीर आटली. आई रोज सकाळी जाऊन वाकून बघायची. शेजारीन म्हनली, गोजरबाई, हीर लई खोल गेली गं. तर आई म्हनली, हीर काय खोल जाती व्हय, वाकून बघनारं मानूस म्हातारं हुतं. मी पोहरा घिऊन मागंच हुतो. तुमी निबंध सांगितला तवा ते आठवलं, नि लिवलं. मग तुमी इच्यारलं, तुजं हाय का? आता खोटं कसं बोलू? माझं नव्हतंच. मग तुमी इच्यारलं, कुठल्या पुस्तकातलं? म्हनलं, पुस्तकातलं न्हाई. त्याच्या फुडं तुमी इच्यारलंच न्हाई."

"तू सांगायचंस. एकदा म्हणायचंस, आईचं आहे."

"पोरं हसत हुती, सर." मच्छिंद्र शांतपणे म्हणाला. "तुमी बी हसत हुता. त्यात आईचं नाव कुठं घेऊ?"

बैलांच्या बाजूनं कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. देवचक्के पेटीवर बसून राहिले. इतकी वर्षं ज्या पानाचा त्यांनी पाठलाग केला होता ते पान अजूनही त्यांना दिसत होतं, झिजलेल्या म सकट, आणि ते जगात कुठंच नव्हतं हे कळूनही ते पुसलं जात नव्हतं. मच्छिंद्र बोलत होता. तो म्हणत होता, "मला वाटायचं सर, तुमचंच बरुबर. दुसऱ्याचं आपल्या नावानं लिवलं म्हंजी चोरीच की. खाली नाव लिवलं की चालतं, हे मला म्हाईतच नव्हतं. हितं पत्रं लिवाय लागलो तवा माझं मीच काढलं ते, सांगनार आन्‌ लिहिनार." "आणि तुझं स्वतःचं? स्वतःचं काही लिहीत नाहीस?" मच्छिंद्रनं मान हलवली. "लिवाय बसलो की वाटतं, हे बी कुनाचं तरी आसंल."

तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं एक बाई आली. खडीच्या धुळीनं भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या, हातात भाकरीचं फडकं. भाकरी लेकापुढं ठेवता ठेवता तिनं परक्या माणसाला न्याहाळलं. "आई, हे आमचं कालेजातलं सर," मच्छिंद्र म्हणाला. गोजरबाईनं डोक्यावरचा पदर ओढला. देवचक्के उभे राहिले. विद्यापीठाच्या कुलगुरूंपुढंही ते असे उभे राहिले नव्हते. त्यांनी तिला विचारलं, विहिरीचं ते बोलणं तिला आठवतं का. तिनं मच्छिंद्रकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे. "मी? म्हनले आसन. तवा हिरीवर बायाबाया लई काय काय बोलायचो. आता कुठलं." तिला त्यात काही गम्य नव्हतं. तिचे डोळे दुसरंच काही विचारत होते, आणि शेवटी तिनं ते विचारलंच. "मग तुमी त्याला न्यायला आलात व्हय? कालेजात? ह्यो तवा आला तो तीन म्हैनं बोललाच न्हाई. ह्याचं वडील म्हनायचं, नापास झाला आसंल. मी म्हनायची, न्हाई, त्येंची कायतरी चूक झाली आसंल, कुनीतरी इल न्यायला." ती किंचित हसली. "उशीर केलात, पन आलात."

"आई, गप," मच्छिंद्र म्हणाला.

"हो," देवचक्के म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि मगच त्यांना कळलं की तो गेला. गोजरबाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, फडकं उचललं आणि मुकादम बोंबलेल असं म्हणत घाईघाईनं परत निघाली. लांबून तिची चाल हलकी दिसत होती.

स्टँडवर सोडायला मच्छिंद्र आला. गाडीची धूळ वळणावर दिसू लागली तेव्हा तो म्हणाला, "सर, तुमी तिला हो म्हनलात. आता ती रोज इच्यारंल." "मग ये," देवचक्के म्हणाले. "खरंच म्हणालो मी. बाहेरून परीक्षेला बसता येतं. फॉर्म मी पाठवतो, पुस्तकं पाठवतो. सुट्टीत ये, मी शिकवीन. आणि वार्षिकात दुरुस्ती छापून घेतो. त्यात तुझं नाव—" "माझं नगं. आईचं घाला. गोजरबाई भिमाजी खेतमाळीस." देवचक्क्यांनी डायरी काढून ते लिहून घेतलं. मच्छिंद्रनं डायरीत वाकून बघितलं, आडनाव बरोबर आहे ना. मग जरा वेळानं, गाडी अगदी जवळ आली असताना, त्यानं विचारलं, "आन्‌ परीक्षेच्या पेपरात आईचं कायतरी आठवलं, नि लिवलं, तर?"

"तर खाली तिचं नाव लिही."

"पेपरात नाव लिवायला बंदी असती, सर."

कंडक्टरनं दार उघडलं, मागच्या माणसांनी त्यांना आत ढकललं. सीट मिळाली ती पलीकडच्या अंगाची, म्हणून ते वाकून, दोन माणसांच्या मधून बाहेर बघू लागले. गाडी भरून सुटली आणि पोस्टासमोर वळण घेऊ लागली. मच्छिंद्र लिंबाखाली परत पोचला होता. तिथं एक म्हातारा कोरं कार्ड हातात धरून केव्हाचा थांबला असावा. मच्छिंद्र मांडी घालून बसला, त्यानं पेनचं टोपण काढलं, आणि मान वर करून म्हाताऱ्याला काहीतरी म्हणाला. ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण तो काय म्हणाला ते देवचक्क्यांना कळलं. तो म्हणाला, "हं, सांगा."